वाटोबा: कोकण किनाऱ्यावरचा प्रवासाचा एक काल्पनिक देव आणि त्याच्या भक्तांचे नेमनियम

खाडीपल्याड

कोकण किनाऱ्यावर घडणाऱ्या एका कादंबरीसाठी मी प्रवासाचा एक देव कल्पिते आहे. त्याचे नाव वाटोबा. तो पूर्णपणे काल्पनिक आहे. कोणत्याही पुराणात, माहात्म्यात किंवा प्रत्यक्षातल्या देवस्थानात त्याचा आधार शोधू नये. कथानकाचा काळ आगबोटींचा आहे, म्हणजे मुंबईहून सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण अशी बंदरे घेत वेंगुर्ल्याकडे जात असे, तो काळ. देवाचा आराखडा बराचसा तयार आहे. त्याच्या भक्तांचे नेमनियम मात्र किनाऱ्यावरच्या निरनिराळ्या भागांतील जाणकारांनी तपासून द्यावेत, अशी विनंती आहे.

आपल्याकडचे बहुतेक देव गावाला बांधलेले आहेत, आणि माझ्या दृष्टीने अडचण तिथेच सुरू होते. ग्रामदेवता असो, राखणदार असो किंवा शिवेवरचा देवचार असो, ज्याचा त्याचा अंमल ठरलेला असतो. गाऱ्हाणे घालताना, म्हणजे देवापुढे सर्वांसमक्ष मागणे मांडताना, गावच्या मांडावरच्या देवांची नावे क्रमाने घेतली जातात आणि ती यादी शिवेपाशी संपते. मुंबईच्या गिरणीत नोकरीला निघालेला मुलगा घरापासून कोसभर चालला की या सगळ्या देवांच्या हद्दीबाहेर पडतो. मग खाडीच्या मध्यावर, घाटातल्या खिंडीत, भर समुद्रात त्याचा वाली कोण? दोन शिवांच्या मधल्या या बेवारस पट्ट्यात मी वाटोबाला बसवले आहे.

त्याला देऊळ नाही. तरीच्या धक्क्यावर, खिंडीच्या माथ्यावर किंवा गावच्या शिवेवर जांभ्याचा एक कमरेएवढा, जवळजवळ अनघड चिरा उभा केलेला असतो. त्याच्या एकाच बाजूला दोन डोळे कोरलेले असतात आणि ही बाजू नेहमी बाहेरच्या दिशेला, म्हणजे पाण्याकडे किंवा घाटाकडे असते. त्यामुळे गाव सोडून जाणाऱ्या माणसाला देवाची पाठ दिसते आणि परत येणाऱ्यालाच तोंड दिसते. जाणाऱ्याने पाठीला हात लावायचा, मागणे मागायचे नाही आणि वळून तोंड पाहायचे नाही. दर्शन हे परतणाऱ्याचे. जो कधीच गाव सोडत नाही त्याने वाटोबाचे तोंड जन्मात पाहिलेले नसते, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना त्याची खंतही नसते.

दुसरा नेम घरातला आहे. माणूस दूरच्या प्रवासाला निघाला की त्याच्या नावाने एक असोला, म्हणजे सालीसकट न सोललेला, नारळ माळ्यावर, चुलीच्या वरच्या अंगाला ठेवला जातो. तो परतल्यावर हा नारळ सोलून वाटोबासमोर फोडायचा आणि खोबरे धक्क्यावर जे कोणी हजर असतील त्या सर्वांना वाटायचे. त्यात जात, गाव, ओळख पाहायची नाही. खलाशांच्या आणि चाकरमान्यांच्या घरात असे पाचसात नारळ माळ्यावर असतात. कोणता नारळ कोणाचा हे घरातल्या थोरल्या बाईला बरोबर ठाऊक असते आणि ती ते कोठेही लिहून ठेवत नाही.

मानकरी कोण, हे मी असे ठरवले आहे: जो माणसांना पार नेतो तो. म्हणजे तरीवर होडी चालवणारा, आगबोटीला पडाव म्हणजे उतारूंची मोठी होडी लावणारा तांडेल (होडीवरचा म्होरक्या), घाटात ओझी वाहणारा हमाल. हा मान वंशाने चालत नाही. वल्हे ज्याच्या हाती, मान त्याचा.

माझ्यापुढचे प्रश्न दोन आहेत. वंशपरंपरेशिवाय मान चालवणारा पंथ कोकणात टिकेल का? आणि जो परतलाच नाही, त्याच्या नारळाचे काय करायचे? दुसऱ्या प्रश्नावर कादंबरीचा अर्धा भार आहे, म्हणून त्याबाबत घाईने काही ठरवू इच्छित नाही.

दक्षिणकिनारा

कल्पना मनापासून आवडली. विशेषतः शिवेचा मुद्दा आमच्या भागातला माणूस चटकन ओळखेल. आरवलीच्या वेतोबाचे उदाहरण घ्या. तो रात्री फिरून गावाची राखण करतो आणि फिरून फिरून त्याच्या पायताणांची झीज होते, अशी श्रद्धा आहे. म्हणून नवस फेडताना केळ्यांच्या घडाबरोबर चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. चालणारा देव आम्हाला नवा नाही. परंतु वेतोबाचे चालणे गावाच्या भल्यासाठी आणि गावाच्या परिघात आहे. तुमचा वाटोबा परिघाबाहेरचा आहे, आणि हा फरक भक्तांच्या वागण्यात दिसला पाहिजे. गावचे मानकरी त्याच्याकडे थोड्या अंतरानेच पाहतील. त्याच्याबद्दल वैर नसेल, पण गाऱ्हाण्यात त्याचे नाव सगळ्यांत शेवटी, कदाचित आवाज किंचित उतरवून घेतले जाईल.

वंशाशिवाय मान टिकेल का, याविषयी मला शंका आहे. आमच्याकडे पालखीच्या दांडीला आधी हात कोणी लावायचा यावरून भाऊबंद वर्षानुवर्षे बोलत नाहीत आणि प्रकरणे न्यायालयापर्यंत जातात. ‘वल्हे ज्याच्या हाती, मान त्याचा’ हा नेम सुंदर आहे, परंतु दोनतीन पिढ्यांत होडीवाल्याचा मुलगाच होडीवाला होतो आणि मान आपोआप वंशाचा होतो. तुम्ही ही ओढाताण लपवू नये. एखाद्या धक्क्यावर जुने घराणे मान सोडायला तयार नाही आणि नवा होडीवाला परगावचा आहे, हा प्रसंग कथेत यायलाच हवा.

आणखी एक सुचवतो. आचऱ्याची गावपळण आपल्याला माहीत असेल. दर तीनचार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन सगळे गाव गुरे, कोंबड्या, कुत्री यांच्यासह शिवेबाहेर पडते, तीन दिवस तीन रात्री झोपड्या उभारून राहते आणि पुन्हा कौल घेऊन घरी येते. तुमच्या पंथात याला समांतर असे काही असल्यास त्या एका दिवशी एरवी घर न सोडणाऱ्या बायामाणसांनाही वाटोबाचे तोंड पाहता येईल. ज्या स्त्रिया वर्षानुवर्षे इतरांचे नारळ राखतात, त्यांना दर्शनाचा हक्क कधीच मिळू नये हे मला पटत नाही.

हर्णैबंदर

समुद्राच्या बाजूने लिहितो. आमच्या घरात मासेमारी आहे आणि वडिलधाऱ्यांनी आगबोटीला पडाव लावलेले आहेत.

तुमचा चिरा धक्क्यावर आहे, परंतु त्या काळी बहुतेक बंदरांत आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यावर आणले जाई. प्रवासातला खरा धोक्याचा क्षण हा होता. बोटीच्या कडेला शिडी सोडलेली, खाली पडाव लाटेबरोबर वरखाली होतो आहे, एका हातात ट्रंक, कडेवर मूल. पडाव वर आला की तांडेल ओरडायचा आणि त्याच क्षणी पाय सोडायचा. अर्धा क्षण उशीर झाला तर पडाव पुरुषभर खाली गेलेला असे. खाली उभा असलेला खलाशी दंडाला धरून माणूस अक्षरशः खेचून घ्यायचा. वाटोबाचा भक्त देवाचे नाव कोठे घेईल, असे मला विचारलेत तर मी म्हणेन, त्या शिडीच्या शेवटच्या पायरीवर. धक्क्यावरचा चिरा हा त्यानंतरचा निवांतपणा आहे.

दुसरे, देवाला हंगाम द्या. पावसाळ्यात बंदरे बंद होत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी बाहेर काढायची नाही, हा रिवाज आम्ही आजही मानतो, आणि शासनाची बंदी १ जून ते ३१ जुलै असते तीही त्याच दिवसांतली. पावसाआधी आपण पडवीला झावळ्यांची झड (पावसाचा आडोसा) बांधतो, तशी वाटोबाच्या चिऱ्यालाही बांधावी. डोळे झाकले की वाट बंद, नारळी पौर्णिमेला झड सोडली की वाट खुली.

हा नेम मोडला तर काय होते, हे सांगायला काल्पनिक प्रसंगाची गरज नाही. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती माणसे सणासाठी घरी निघाली होती. तुमचे कथानक त्या वर्षापर्यंत जाणार असेल तर या घटनेला फार जपून हात लावावा. ‘देवाचा नेम मोडला म्हणून बोट बुडाली’ असे तुमच्या कोणत्याही पात्राने म्हटले तरी चालेल, लेखिकेने म्हणू नये. त्या घरांत अजून माणसे आहेत.

माडबाग

नारळाबद्दल थोडे सांगतो, कारण तुमचा सगळा पंथ त्यावर उभा आहे.

पूर्ण तयार असोला नारळ कोरड्या माळ्यावर, हवेशीर आणि चुलीच्या उबेला ठेवला तर आतले पाणी हळूहळू आटते आणि साधारण आठ ते बारा महिन्यांत खोबरे करवंटीपासून सुटते. याला आपण गोटा खोबरे म्हणतो. नारळ कानाशी धरून हलवला की पहिले काही महिने आत पाणी डुचमळते, मग एक काळ असा येतो की पाण्याचा आवाज जवळजवळ बंद होतो, आणि त्यानंतर गोटा करवंटीवर आपटून खडखड वाजू लागतो. म्हणजे थोरल्या बाईला नारळ हलवून माणूस किती काळ बाहेर आहे हे सांगता येईल. वर्षाच्या आत परतणाऱ्याचा नारळ ओल्या आवाजाचा, त्याहून अधिक काळ गेलेल्याचा सुक्या आवाजाचा.

तोच नारळ ओलसर मातीत किंवा वाळूत आडवा घातला तर काही महिन्यांत कोंब धरतो. एकदा तो सुकून गोटा झाला की मात्र त्यातून रोप येत नाही, कितीही पाणी घाला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाच्या संदर्भात हे लक्षात घ्यावे. न परतलेल्या माणसाचा नारळ परसात पुरून त्याचा माड करायचा, असे सुचणे स्वाभाविक आहे आणि कदाचित तुमच्याही मनात ते आले असेल. परंतु माड हवा असेल तर नारळ ओला असतानाच माळ्यावरून उतरवावा लागेल, म्हणजे माणसाची आशा सोडण्याचा निर्णय पहिल्या काही महिन्यांतच घ्यावा लागेल. वाट पाहत राहिले तर नारळ टिकतो, खराब होत नाही, पण त्यातून पुढे काही उगवत नाही.

खाडीपल्याड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पडावाच्या शिडीचा तपशील आणि झडीची सूचना जशीच्या तशी घेते आहे. चिऱ्याबरोबरच शिडीखालच्या खलाशाच्या हातालाही देवाचाच मान द्यावा, असे आता वाटते. परतणाऱ्याने धक्क्यावर पाय ठेवल्यावर आधी त्या हाताला स्पर्श करायचा आणि मग चिऱ्याकडे जायचे.

घरच्या स्त्रियांच्या दर्शनाविषयीची हरकत मान्य आहे. नारळी पौर्णिमेला झड सोडण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे म्हणते. झड सोडायची तर चिऱ्याच्या समोर, म्हणजे पाण्यात उतरून उभे राहावे लागते. जिच्या माळ्यावर नारळ आहे तिला हा हक्क आपोआप मिळेल.

नारळाबद्दलच्या माहितीने मला कथेचा कणाच सापडला. एका घरात दोन जावा आहेत आणि दोघींचे नवरे एकाच गलबतावर गेलेले आहेत. एक जाऊ नारळ ओला असतानाच उतरवते, दुसरी उतरवू देत नाही. यात चूक कोणाची हे मी ठरवणार नाही, आणि पंथालाही ठरवू देणार नाही.

लेणीवाचक

काल्पनिक देवाला इतिहासाचा आधार लागत नाही, हे मान्य करून काही गोष्टी समोर ठेवतो, कारण या किनाऱ्यावर प्रवाशांच्या राखणदारांची आठवण फार जुनी आहे.

ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात ५३ ते ५८ ही सूक्ते प्रामुख्याने पूषन् या देवाची आहेत. तो वाटांचा स्वामी, हरवलेली गुरे शोधून आणणारा, बोकडांच्या रथातून फिरणारा आणि करंभ (सातूची लापशी) खाणारा देव आहे. गेलेले परत आणणे हे त्याचेही काम आहे, आणि तुमच्या वाटोबाचा स्वभाव याच कुळीतला आहे.

किनाऱ्यापुरते बोलायचे तर आजचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. तिथल्या स्तूपाचे उत्खनन १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी केले. दिव्यावदान या बौद्ध कथासंग्रहात याच शूर्पारकाच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा आहे. अनेक सागरी सफरी यशस्वी करून तो पुढे भिक्षू होतो. त्याचा भाऊ चंदनाने भरलेल्या जहाजासह वादळात सापडतो, पूर्णाचा धावा करतो आणि पूर्ण त्याला वाचवतो. कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वर हा बोधिसत्त्व आठ महाभयांतून भक्तांना सोडवताना कोरला आहे आणि त्यात बुडणाऱ्या जहाजाचे दृश्य आहे. त्या शिल्पासमोर उभे राहिले की कळते, ते कोरवून घेणाऱ्यांना समुद्राची भीती ऐकीव नव्हती.

माझी सूचना एवढीच की या परंपरांचा वारसा वाटोबाला थेट जोडू नये. ‘हा मूळचा पूषन्’ किंवा ‘हा मूळचा बोधिसत्त्व’ असे एखाद्या विद्वान पात्राच्या तोंडी घातले की देव पुस्तकी होऊन जातो. त्याऐवजी एखाद्या जुन्या लेण्याच्या वाटेवर भक्तांनी वाटोबाचा चिरा उभा केला आहे आणि त्यामागचे कारण कोणालाच सांगता येत नाही, एवढे पुरे. कोकणात अशा किती जागा आहेत, जिथे पूजा शिल्लक आहे आणि कथा नाही.

अष्टागर

रायगडच्या किनाऱ्यावरून एक भर घालते. आमच्या भागातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची, ज्यांना लोक शनवार तेली म्हणत, मूळकथाच फुटलेल्या जहाजाची आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी त्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, असे ते सांगतात. एलियाहू हन्नबी या प्रेषितावर त्यांची विशेष श्रद्धा आहे आणि अलिबागजवळच्या खंडाळे गावातील खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या व घोड्याच्या मानल्या जातात. शुभप्रसंगी किंवा नवस पुरा झाल्यावर ते मलिदा करतात. भिजवलेल्या पोह्यांत खवलेला ओला नारळ आणि साखर कालवायची, वर वेलची, सुकामेवा आणि भोवती फळे मांडायची, आणि प्रार्थनेनंतर ताट सर्वांपुढे फिरवायचे.

तुमच्या पंथात परतल्यावर खोबरे सर्वांना वाटण्याचा नेम आहे, म्हणून हे लिहिले. धक्क्यावर आगरी, कोळी, भंडारी, दालदी (मुसलमान कोळी), ब्राह्मण, इस्राएल असे सगळेच असणार. मुसलमान खलाशाने वाटोबाच्या चिऱ्यासमोर नारळ फोडला नाही तरी तो धक्क्यावरचे खोबरे घेईल, आणि त्याच्या पिराच्या उरुसातला प्रसाद वाटोबाचा भक्त घेईल. या गोष्टी किनाऱ्यावर कोणी जाहीर केल्या नव्हत्या, त्या होत होत्या. कादंबरीत त्यावर भाषण नको, नुसते दाखवावे.

भाट्येखाडी

रत्नागिरीहून एक प्रश्न. वाटोबा परतणाऱ्यांचा देव आहे. मग ज्याला त्याच्या इच्छेविरुद्ध इथे आणले गेले, त्याचे काय?

ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली मंडाले सोडायला लावले आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला थिबा राजवाडा १९१० साली पूर्ण झाला आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजा इथेच वारला. राणी सुपयालतला १९१९ साली ब्रह्मदेशी जाता आले. थोरली राजकन्या मात्र अखेरची वर्षे रत्नागिरीतच राहिली आणि १९४७ साली इथेच गेली. राजाची समाधी आजही शहरात आहे.

तुमच्या नेमानुसार समुद्राकडून येणाऱ्याला वाटोबाचे तोंड दिसते. म्हणजे पहिल्या दिवशी पडावातून उतरताना या कैदी राजालाही ते दिसले असते, आणि ते तर परतणाऱ्याचे दर्शन! भक्तांपुढे इथे खरा पेच उभा राहतो. त्याला खोबरे द्यायचे की नाही? मला वाटते, तांडेलाने त्याला खोबरे द्यावे आणि गावातल्या कोणीतरी बाईने, कोणाला न विचारता, त्याच्या नावाचा नारळ आपल्या माळ्यावर ठेवावा. परक्याच्या वाटेचीही राखण करता येते की नाही, हे या पंथाने सांगितले पाहिजे. थिबाचे नाव न घेता एखादा काल्पनिक राजबंदी घेतलात तरी चालेल, मात्र रत्नागिरी वगळू नका. इथल्या माणसांनी त्या कुटुंबाला तीन दशके डोळ्यांसमोर पाहिले आहे.

दक्षिणकिनारा

वरचे सर्व वाचून परतणाऱ्यासाठी एक गाऱ्हाणे रचून पाहिले. आमच्या बोलीत आहे. उत्तरेकडच्या बंदरांसाठी तिथल्या जाणकारांनी आपापले करावे.

‘बा देवा वाटोबा महाराजा, बारा गावच्या बारा वाटांच्या धन्या, आज ह्या लेकरू तुझ्या समोर उभा ऱ्हवला हा. ज्या वाटेन गेला त्याच वाटेन तू तेका सुखरूप परत हाडलंस. जाताना तेना तुझी पाठ बघली, आज तोंड बघता हा. वाटेर तेची काय चूकभूल झाली आसात ती पदरात घे, आणि जे अजून वाटेर आसत तेंची वाट मोकळी कर रे महाराजा.’ आणि जमलेल्यांनी म्हणायचे, ‘व्हय महाराजा!’

‘जे अजून वाटेर आसत’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत. जे बुडाले, जे परदेशी राहिले आणि ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही, त्या सगळ्यांना ते लागू पडतात. हे वाक्य म्हटले जात असताना सर्वांनी पाण्याकडे पाहावे.

खाडीपल्याड

गाऱ्हाणे आपल्या परवानगीने तसेच घेते. राजबंद्याचा प्रश्न माझ्या डोक्यात नव्हता आणि त्यासाठी आता एक स्वतंत्र प्रकरण लागेल. त्याचा नारळ ठेवणारी बाई दोन जावांपैकी थोरली असेल, म्हणजे जिने नवऱ्याचा नारळ ओला असतानाच उतरवून परसात घातला ती. स्वतःच्या माणसाची वाट पाहणे जिने थांबवले, तिने परक्याची वाट पाहायला सुरुवात करणे मला योग्य वाटते.

धाकटीच्या बाबतीत एक तांत्रिक शंका उरते. तिचा नारळ माळ्यावर वर्षानुवर्षे राहणार आहे. माडबाग यांना विचारते: गोटा झालेला असोला नारळ धुराच्या उबेला दहाबारा वर्षे राहिला तर त्याचा आवाज तसाच राहील का, की आतले खोबरे किडून आवाज बंद पडेल? प्रकरणाची रचना यावर ठरणार आहे.

माडबाग

इतकी वर्षे मुद्दाम कोणी ठेवत नाही, त्यामुळे आवाजाबद्दल छातीठोक सांगणार नाही. खोबऱ्यात तेल असते, ते कालांतराने खवट होते, आणि करवंटीला बारीक चीर असेल किंवा डोळ्याची जागा उघडी पडली असेल तर कीड शिरते. करवंटी अखंड असेल आणि माळा कोरडा असेल तर गोटा आकसून लहान होतो आणि करवंटीत अधिक मोकळा होतो, म्हणजे आवाज कमी होण्याचे कारण नाही. तरीही धाकटीने दर पावसाळ्यानंतर नारळ उतरवून पुसावा, सोडणाला (वरच्या सालीला) बुरशी धरली असेल तर ती झाडून दोन दिवस उन्हात ठेवावा आणि उंदीर लागणार नाही अशा जागी, शिंक्यात, पुन्हा टांगावा. माळ्यावरच्या नारळाला सगळ्यांत मोठे भय उंदराचे असते, ते तुमच्या कथेत कोठेतरी यायला हवे.